संवाद नसलेल्यांचे डोळे

सिनेमात प्रेक्षकाला हवं तिथे बघायला लावणं दिग्दर्शकाच्या हातात असतं. कॅमेरा जवळ नेला, बाकीचं जग चौकटीबाहेर गेलं, की झालं. रंगमंचावर ती सोय नाही. पडदा उघडला की तीस-पस्तीस फुटांची रुंदी एकदम समोर येते आणि त्यात कुठे बघायचं हे प्रेक्षक स्वतः ठरवतो. निदान त्याला तसं वाटतं. प्रकाशयोजनाकार एखादा कोपरा उजळतो, मी नटाला चार पावलं पुढे आणते, संगीतकार एखादा सूर सोडतो. पण ज्या साधनाला वीज लागत नाही, भाडं लागत नाही आणि जे पहिल्या तालमीपासून हाताशी असतं, ते म्हणजे बाकीच्या नटांची नजर.

गेली बरीच वर्षं मी पुण्यात हौशी आणि प्रायोगिक नाटकं बसवते आहे, महाविद्यालयांच्या एकांकिकाही. एका कौटुंबिक नाटकात वाटणीचा प्रवेश होता. दिवाणखान्यात आठ माणसं. थोरला कागद वाचतोय, धाकटा हुज्जत घालतोय, सासरे मधेच खेकसतायत. स्वयंपाकघराच्या दारात थोरली सून उभी. तिला त्या प्रवेशात एकही वाक्य नाही. पण कागदात तिच्या माहेरच्या दागिन्यांचा उल्लेख येतो आणि त्या क्षणी प्रेक्षकानं तिच्याकडेच बघायला हवं होतं. वेळ दिवेलागणीची, नेपथ्य वास्तववादी. तिच्यावर एकदम स्पॉट टाकला असता तर खोटं दिसलं असतं. तिनं हातातलं भांडं पाडायचं वगैरेही नको होतं, कारण तिचं न हलणं हाच त्या क्षणाचा अर्थ होता. मग ठरलं ते असं: थोरल्यानं वाचताना अडखळायचं आणि दाराकडे बघायचं. धाकट्यानं ती नजर पकडायची. मग सासऱ्यांनी. तीन नजरा, सेकंदाभरात.

तालीम बघायला आलेल्या मित्रमंडळींना मी नंतर विचारलं, तिच्याकडे कधी बघितलंत? "दागिने म्हणाले ना, तेव्हा," असं सगळ्यांचं उत्तर. मी समोरून त्यांचे चेहरे बघत होते. त्यांचे डोळे दाराकडे गेले होते ते थोरल्याची नजर फिरल्याबरोबर, 'दागिने' हा शब्द यायच्या आधी. आपण शब्द ऐकून बघितलं याची त्यांना खात्री होती.

याची उलटी बाजूही सांगते. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी प्रेक्षकांत होते. नायिकेचं मोठं स्वगत चालू होतं, मुलगी मनापासून करत होती. मागे गावकऱ्यांचा घोळका. त्यातला एक मुलगा दर थोड्या वेळानं विंगेकडे बघायचा. आत कुणीतरी त्याला पुढच्या प्रवेशाच्या खुणा करत असणार. तो जागचा हलला नाही, आवाज केला नाही, उजेडातही नव्हता. तरी माझ्या आजूबाजूची डोकी दर वेळी विंगेकडे वळत होती. स्वगत संपेपर्यंत ती मुलगी एकटी पडली होती, आणि आपलं काय बिनसलं हे तिला कुणी सांगूही शकलं नसतं.

नाटकवाले हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. हे कसं घडतं याची मोजदाद प्रयोगशाळेत झाली ती मात्र गेल्या काही दशकांत. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात मायकेल पोझ्नर या मानसशास्त्रज्ञानं लक्ष मोजायची एक साधी रीत बसवली. १९८० सालचा त्याचा लेख त्यासाठी प्रसिद्ध आहे. माणसाला पडद्याच्या मधोमध एका खुणेवर डोळे खिळवून बसायला सांगायचं. मग डावीकडे किंवा उजवीकडे काहीतरी चमकतं. ते दिसताच कळ दाबायची. चमकण्याआधी बाजूची सूचना मिळाली, तर कळ लवकर दाबली जाते, चुकीची सूचना मिळाली तर उशिरा. गंमत अशी की या सगळ्यात डोळे हललेलेच नसतात. म्हणजे लक्ष ही डोळ्यांच्या आधी निघणारी, वेगळी गोष्ट आहे. डोळे मागाहून जातात, कधी जातही नाहीत.

कॅनडात क्रिस फ्रिसन आणि ॲलन किंगस्टन यांनी हीच रीत वापरून १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सूचना म्हणून त्यांनी चेहरा ठेवला. चेहरा तरी कसला, एक वर्तुळ, त्यात दोन डोळे, नाकाच्या जागी ठिपका, तोंडाच्या जागी रेघ. बुबुळं डावीकडे किंवा उजवीकडे दिसायची आणि मग एका बाजूला अक्षर उमटायचं. भाग घेणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं की या बुबुळांचा काही भरवसा नाही, अक्षर त्या बाजूला येईलच असं नाही. तरीही चेहरा ज्या बाजूला 'बघत' होता, तिथलं अक्षर लोकांना लवकर टिपता आलं. बुबुळं दिसल्यापासून साधारण एक दशांश सेकंदातच हा फरक दिसू लागला. फरक काही मिलिसेकंदांचा, पण पुन्हा पुन्हा येणारा.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉन ड्रायव्हर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याहून कडक परीक्षा घेतली. त्यांनी सांगितलं, चेहरा जिकडे बघेल त्याच्या विरुद्ध बाजूला अक्षर येण्याची शक्यता चौपट आहे. शहाण्या माणसानं उलटीकडे लक्ष द्यायला हवं. लोकांनी तसं दिलंही, पण थोड्या वेळानं. पहिल्या तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास लक्ष नजरेच्या बाजूलाच धावत होतं. सातशेच्या सुमाराला बुद्धीचं चालू लागलं आणि ते उलटीकडे वळलं.

मला या दोन आकड्यांमधली जागा फार मोलाची वाटते. नाटकात नजर आधी आणि वाक्य मागून, असा क्रम ठेवला की प्रेक्षकाचं लक्ष योग्य जागी पोचलेलं असतं आणि वाक्य तिथे जाऊन पडतं. नजर आणि वाक्य एकदम आलं, तर वाक्याचा पहिला शब्द वाटेत सांडतो. नवीन नटांना हे समजावताना मी मिलिसेकंद सांगत नाही. "आधी बघ, मग बोल," एवढंच म्हणते.

या संशोधनाचे बहुतेक चेहरे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, हातभर अंतरावर होते. आमची अडचण पंचविसाव्या रांगेची. त्या वाटणीच्या प्रवेशात थोरल्यानं सुरुवातीला मान न उचलता फक्त डोळे दाराकडे न्यायचे होते. तालमीच्या खोलीत ते फार सुंदर दिसायचं. मोठ्या नाट्यगृहात रंगीत तालीम झाली तेव्हा मी मागे जाऊन बसले, आणि तिथून बुबुळं दिसतच नव्हती. मान वळवावी लागली, खांदाही थोडा. विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं (पॅलॅडियम हे मूलद्रव्य याचंच) १८२४ मध्ये चित्रांतल्या डोळ्यांवर एक निबंध लिहिला होता. त्यानं दाखवलं की चित्रातले डोळे तेच ठेवून चेहऱ्याचा बाकीचा भाग वेगळ्या दिशेनं काढला, की तेच डोळे दुसरीकडे बघताहेत असं वाटतं. नजरेची दिशा आपण एकट्या बुबुळांवरून वाचत नाही, नाक, हनुवटी, डोक्याचा कल सगळं मिळून वाचतो. स्कॉटलंडमध्ये डेव्हिड पेरेट आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९८०च्या दशकात माकडांच्या मेंदूत, कानशिलामागच्या भागात, अशा पेशी सापडल्या की ज्या समोरचा कुठे बघतोय यावर जाग्या होतात. डोळे दिसत असले तर डोळ्यांवरून, ते झाकले तर डोक्यावरून, तेही कळेनासं झालं तर शरीराच्या रोखावरून. मागच्या रांगेतला प्रेक्षक हेच करत असतो.

डोळ्यांचा पांढरा भाग आपल्याला का एवढा ठळक, यावरही बरंच लिहिलं गेलं आहे. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये माकडं, वानर आणि माणूस यांच्या डोळ्यांची तुलना केली आणि माणसाचा डोळा सर्वांत उघडा, सर्वांत पांढरा, म्हणून सर्वांत सहज वाचता येणारा ठरवला. एकमेकांच्या मदतीनं जगायचं तर आपण कुठे बघतोय हे दुसऱ्याला कळू देणं फायद्याचं, असा विचार त्यातून पुढे आला. अलीकडे काही अभ्यासकांनी दाखवलं आहे की चिंपांझींच्या डोळ्यांतही रंगांचा फरक पुरेसा असतो, फक्त तो वेगळ्या तऱ्हेचा असतो. तेव्हा या कल्पनेवर वाद चालू आहे. काजळाची रेघ ओढून डोळ्याचा पांढरा भाग उठवणाऱ्या आमच्या रंगभूषाकारांना मात्र या वादाची वाट बघावी लागलेली नाही. नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी सांगितल्या आहेत, यावरूनच डोळ्यांच्या कामाला आपल्याकडे किती जुना मान आहे ते कळतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका अंध विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या कार्यशाळेनं. मुलं संवाद झकास बोलायची, पाठांतर माझ्या कोणत्याही गटाहून पक्कं. पण प्रवेश बसवताना बघणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा. कोण कोणाशी बोलतंय तेच लागायचं नाही. एका दुपारी लक्षात आलं. त्यांच्यातली बरीच मुलं बोलणाऱ्याचं नीट ऐकता यावं म्हणून त्याच्याकडे कान करत. साहजिक आहे, त्यांचं सगळं लक्ष त्या कानात होतं. पण त्यामुळे चेहरा भलत्याच दिशेला जायचा आणि डोळस प्रेक्षक बिचारा नाकाच्या रोखानं जाऊन रिकाम्या भिंतीवर आपटायचा. एक सुचवणी आली की त्यांना चेहरा वळवायला शिकवावं. मला ते पटेना. जे मूल खरोखर ऐकतंय, त्याला ऐकण्याचं सोंग कशाला शिकवायचं? आम्ही जागा बदलल्या. ऐकणाऱ्याला असं उभं केलं की त्याचा कान बोलणाऱ्याकडे असताना चेहरा प्रेक्षकांकडे येईल. प्रेक्षकाला आता त्याच्या तोंडावर ऐकणं दिसायला लागलं. बोलणाऱ्यांनी बोलताना हात पुढे करायचा, एवढी एक भर. तो प्रयोग बघून एका पालकांनी मला सांगितलं की आपल्या मुलीचं ऐकणं त्यांनी पहिल्यांदाच इतकं निरखून बघितलं.

खरं बघणं आणि बघितल्यासारखं करणं, यातला फरक प्रेक्षकाला कळतो का? मी वर्षानुवर्षं म्हणत आले, कळतो. याच्या जवळ जाणारा एक प्रयोग केंब्रिजमध्ये क्रिस्टोफ ट्युफेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. चेहऱ्यावर आरशासारख्या काचेचे गॉगल. भाग घेणाऱ्यांना सांगितलेलं असायचं की एका रंगाच्या गॉगलमधून त्या माणसाला दिसतं, दुसऱ्यातून काहीच दिसत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच. 'याला दिसतंय' अशी समजूत असली की त्याच्या डोक्याच्या रोखानं लक्ष जास्त ओढलं जायचं, 'याला दिसत नाही' असं वाटलं की कमी. पण पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटानं चेहरा आणि वस्तू यांच्यामध्ये आडोसा ठेवून बघितलं, तर त्या चेहऱ्याला वस्तू दिसणं शक्य नसतानाही लक्ष तसंच ओढलं गेलं. साधा बाणही डोळ्यांइतकंच लक्ष वळवतो असंही काही प्रयोगांत आढळलं आहे. म्हणजे निवाडा अजून झालेला नाही. माझा कल तालमीतून आला आहे. नटाला मी "उजवीकडे बघ" म्हटलं तर त्याची मान उजवीकडे जाते. "खुंटीवरची ती छत्री कोणाची, ते बघ" म्हटलं तर मान जाते, डोळे बारीक होतात, श्वास क्षणभर थांबतो, आणि मागे बसलेले लोक खुंटीकडे बघतात. खुंटीवर छत्री नसली तरी.

लहान मुलांत हे कधी येतं? स्केफ आणि ब्रूनर यांनी १९७५ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसानं मान वळवली की तान्ही मुलंही त्या दिशेला बघू लागतात, आणि वर्षाच्या आसपास जवळजवळ सगळीच. जॉर्ज बटरवर्थनं पुढे हेही नोंदवलं की वर्षाच्या मुलाला समोरच्या वस्तू सापडतात, पण आई त्याच्या पाठीमागच्या वस्तूकडे बघत असेल तर तो मागे वळत नाही. ते दीड वर्षाच्या सुमाराला जमतं. भाचीच्या मुलीबरोबर मी हे करून बघितलं. तिच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, मी त्याकडे टक लावली. ती माझ्या नजरेच्या बाजूला वळली, समोरच्या कपाटावर थांबली आणि तिथेच शोधत राहिली. तिच्या मागेही एक जग आहे हे तिच्या हिशेबात अजून आलं नव्हतं. प्रेक्षागृहातून एन्ट्री असली की मला ती आठवते. नट प्रेक्षकांच्या डोक्यावरून कुठेतरी दूर बघत असेल तर कुणी मागे वळत नाही, ते क्षितिज समजलं जातं. सगळे नट एका ठरावीक दाराकडे, एका ठरावीक उंचीवर बघू लागले की रांगाच्या रांगा मागे वळतात.

गर्दीच्या नजरेची ताकद मोजणारा जुना प्रयोग न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरचा. स्टॅनली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी १९६८च्या हिवाळ्यात फुटपाथवर आपली माणसं उभी केली आणि त्यांनी एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे मिनिटभर बघत राहायचं, असं ठरवलं. एकच माणूस बघत असताना जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के थांबले, पण ४० टक्क्यांहून जास्त जणांनी वर बघितलं. पंधरा जण बघत असताना ८६ टक्के लोकांनी वर बघितलं आणि ४० टक्के थांबलेच. अँड्र्यू गॅलप आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या रस्त्यावरचं चित्रण तपासून अशाच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ओढ इतकी जबरदस्त निघाली नाही. बरेच लोक बघणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून पुढे गेले. पण त्यात एक निरीक्षण माझ्या कामाचं होतं. बघणाऱ्याच्या समोरून येणाऱ्यांपेक्षा त्याच्या मागून चालणारे लोक त्याच्या नजरेमागे जास्त गेले.

प्रेक्षकाला पाठ दाखवू नये, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'घाशीराम कोतवाल'नं, १९७२ साली, माणसांची भिंत रंगमंचावर उभी केली. ती झुलत होती, गात होती, आणि पाठ फिरवून उभीही राहत होती. त्या पाठींकडे बघताना आपण त्यांच्याच बाजूचे होऊन जातो, त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे काय चाललंय ते बघायला धडपडतो, असं मला वाटत आलं आहे. ऑक्सफर्डच्या फुटपाथवरही पाठमोरा माणूसच जास्त ओढून नेत होता, हे वाचलं तेव्हा मला त्या भिंतीबद्दल नव्यानं आदर वाटला. रांगेतल्या कुणाला मोठी स्वगतं नव्हती. पण नाटक कुठे बघायचं हे तीच माणसं ठरवत होती.

जादूगार तर यावरच जगतात. गुस्ताव कून हा स्वतः जादूगार आणि मानसशास्त्रज्ञ. मायकेल लँडबरोबर त्यानं २००६ मध्ये चेंडूची जुनी जादू तपासली. चेंडू दोनदा वर उडवून झेलायचा, तिसऱ्या वेळी नुसता हात उडवायचा, चेंडू तळव्यातच. तिसऱ्या वेळी जादूगारानं चेंडूमागे गेल्यासारखं वर बघितलं, तर ६८ टक्के लोकांना चेंडू वर जाताना 'दिसला'. त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं, तर ३२ टक्क्यांनाच. त्यांच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली होती. चेंडू दिसला म्हणणाऱ्यांचेही डोळे बहुतेक वेळा त्या वरच्या जागी गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्याच्या नजरेवरून चेंडू मनात उडवत होते.

२०२०च्या टाळेबंदीत आम्ही ऑनलाइन अभिवाचनं केली तेव्हा हे सगळं साधन एका फटक्यात गेलं. पडद्यावर सहा चौकोन, प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनकडे बघतोय, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर चौकोनांचा क्रम वेगळा. कोणाची नजर कोणापर्यंत पोचतच नव्हती. ऐकणारे चांगलं होतं म्हणायचे आणि थकलेलेही दिसायचे. पुढचं वाक्य कुठून येणार हे त्यांना दर वेळी स्वतःच शोधावं लागत होतं.

आता नव्या नाटकाच्या तालमी सुरू आहेत. पात्रांची यादी मोठी आहे आणि निम्म्याहून अधिक जणांना संवाद नाहीत. त्यांतले बहुतेक पहिल्यांदाच उभे राहताहेत आणि "आमचं काय काम?" असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पहिले दिवस मी त्यांचेच ठेवले आहेत, मुख्य नटांना नंतर बोलावलं आहे. प्रत्येकाला वही दिली आहे. त्यात लिहून आणायचं: या प्रवेशात मी कोणत्या वाक्याच्या आधी कुणाकडे बघतो, आणि मला तिथे काय दिसतं. 'काय दिसतं' हा रकाना रिकामा असेल तर ती नजर प्रयोगात ठेवायची नाही. स्पर्धांच्या संयोजकांशीही माझं एक मागणं चालू आहे, की अभिनयाच्या प्रमाणपत्रांत एक तरी अशा नटासाठी राखावं, ज्याला एकही वाक्य नव्हतं. काल एका मुलीनं वहीत लिहून आणलं, की सरपंच खोटं बोलायला लागतात तेव्हा मी त्यांच्या चपलांकडे बघते, कारण त्या नव्या आहेत. संहितेत चपलांचा उल्लेख नाही. आज संध्याकाळच्या तालमीसाठी नव्या चपला आणायला सांगितल्या आहेत.